डबा दाराला अडकवू नका

आज मी व्याज, कर्जफेड, बँकेची फाईल यातलं काही बोलणार नाही. आज डब्याबद्दल बोलणार आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी दुपारी जेवणाचा डबा पोचवायचा, ही रीत कुठं सुरू झाली, कुणी सुरू केली आणि पुढं तिचं काय काय झालं, ते सांगते. मी बीएला इतिहास घेतला होता. लढाया पाठ केल्या, तह पाठ केले, सनावळ्या लिहिल्या. डब्याचा इतिहास काही कुणी शिकवला नाही. तो मला मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाल्यावर शोधावा लागला. ती चूक आधी सांगते.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं. या भागात, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इकडं, दोन-तीन पिढ्यांपासून माणसं गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. सोनं-चांदी गाळण्याचं हे काम. आमच्या गावची पोरं कोचीला आहेत, कोइमतूरला आहेत, दिल्लीला आहेत, कोलकात्याला आहेत. पैसा आला. गावात दुमजली घरं उठली. आणि त्या दुमजली घरांत आता एकेक म्हातारं माणूस राहतं. दिवाळीला आणि यात्रेला घर भरतं, मग गेटला कडी लागते. जवळच झोपडीवजा घरात राहणारी, पोरगं ऊसतोडीला गेलेली म्हातारी माणसंही आहेत. म्हणजे एकाच्या घरी फ्रीज आहे, दुसऱ्याच्या घरी गॅस नाही, पण दुपारी बाराला दोन्ही घरांत आवाज सारखाच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या ग्रामसंघानं या माणसांसाठी स्वयंपाक सुरू केला. तेव्हा पोरांना गावी येता येत नव्हतं आणि शेजारी शेजाऱ्याकडं जायला घाबरत होता. टाळेबंदी उठली, पण डबा बंद करायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. आज चौदा डबे जातात. नऊ घरचे मुलगे पैसे पाठवतात, पाच डबे बिनपैशाचे.

ओढ्याकडं एक आत्या राहतात. सगळं गाव त्यांना आत्याच म्हणतं. मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत डबे नेणारी बाई रानात गेली होती, म्हणून मी स्कूटीवर निघाले. दोन वाजता मला बँकेत जायचं होतं. आत्यांच्या दाराला आतून कडी. आत टीव्ही चालू. दोन हाका मारल्या. ओ आली नाही. वाटलं, डोळा लागला असेल. पिशवी कडीला अडकवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी नेहमीची बाई डबा घेऊन गेली, तर कालची पिशवी तशीच, मुंग्या लागलेल्या. पोरं माळवदावरून आत उतरली. आत्या न्हाणीत पडलेल्या होत्या. खुबा मोडला होता. आदल्या दिवशी सकाळी दहाला घसरल्या होत्या त्या. सव्वीस तास ओल्या फरशीवर काढले. मिरजेला ऑपरेशन झालं, जगल्या. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "तुजी हाक ऐकली गं. पर तोंडातनं आवाजच निघंना."

त्या दिवसापासून मी हा डब्याचा इतिहास वाचायला घेतला. मिळेल तिथून वाचला, तालुक्याच्या वाचनालयातून, मोबाईलवरून, एका प्राध्यापक बाईंना विचारून.

खरं तर जेवण पोचवणं आपल्याला नवं नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, तिथं भावकीतून भाकरी-पिठलं जातं. बाळंतिणीला शेजारून काही ना काही येतं. कालवणाची वाटी तर रोज इकडून तिकडं जायची. आणि एक रीत तुम्ही सगळ्या पाळता, ती नीट बघा. आलेलं भांडं आपण रिकामं परत पाठवत नाही. मूठभर शेंगा, चार लिंबं, काहीतरी घालून देतो. म्हणजे एका वाटीमागं दोनदा जाणं-येणं झालं. जाताना एक, भांडं परत करताना एक. उंबऱ्यावर चार शब्द झाले ते वेगळेच. ही रीत कुणी कागदावर लिहून ठेवली नव्हती, म्हणून ती गेली तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

आपल्याकडं डब्याचा आणि खाणावळीचा मोठा धंदा झाला तो मुंबईत, आणि तो म्हाताऱ्यांसाठी नव्हता. गिरणीत काम करायला कोकणातून, सातारा-सांगली-कोल्हापूरकडून पुरुष गेले. बायका-मुलं गावी. एका खोलीत दहा-दहा जण राहायचे, त्यांना जेवण कोण देणार? गिरणगावातल्या बायकांनी घरात खाणावळी चालवल्या. रात्रंदिवस चुलीपाशी, आणि किराणा भरायला सावकाराचं कर्ज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. आपण आज गटात बसून सह्या करतो, त्याच्या आधीची ही वाट आहे. मला या गोष्टीत एक उलटापालट दिसते. तेव्हा गाव सोडून गेलेला माणूस जेवणाला परका व्हायचा आणि मागं राहिलेलं घर भरलेलं असायचं. आता गेलेला बायका-पोरांसह जातो आणि मागं राहिलेलं माणूस परकं होतं, ते पण स्वतःच्याच घरात.

म्हाताऱ्या माणसाच्या घरी गरम जेवण नेऊन द्यायचं, हे ठरवून, रोजचं काम म्हणून सुरू झालं ते इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धात. आणि सुरू केलं ते बायकांनी. १९३८ मध्ये तिथं बायकांची एक स्वयंसेवी संघटना निघाली, विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस. काढणाऱ्या बाईंचं नाव स्टेला आयझॅक्स, लेडी रीडिंग. यांचा आपल्या देशाशी संबंध आहे. लॉर्ड रीडिंग १९२१ ते १९२६ हिंदुस्थानचे व्हाईसरॉय होते, आणि स्टेलाबाई त्यांच्याकडे दिल्लीत चिटणीस म्हणून कामाला होत्या. पहिली पत्नी वारल्यावर लॉर्ड रीडिंगांनी १९३१ मध्ये त्यांच्याशी लग्न केलं. लढाईच्या काळात या संघटनेत दहा लाखांवर बायका होत्या. बाँब पडून घर गेलेल्यांना चहा-जेवण देणं, शहरातली मुलं खेड्यांत नेऊन ठेवणं, जुने कपडे गोळा करून वाटणं, असली सगळी कामं त्या करत. खेड्यांत शेतावर राबणाऱ्यांना बांधावर जेवण मिळावं म्हणून मटण-भाजी भरलेल्या, भट्टीत भाजलेल्या करंजीसारख्या वड्या पोचवायच्या. आपण रानात भाकरी नेतो तसंच ते.

तर १९४३ साली लंडनजवळच्या हेमेल हेम्पस्टेड नावाच्या गावात या बायकांनी घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांना शिजवलेलं जेवण घरपोच द्यायला सुरुवात केली. त्या वेळी पेट्रोल मोजून मिळायचं, साखर-लोणी-मांस रेशनवर होतं. मोटारी कुठल्या? मग लहान मुलांच्या जुन्या ढकलगाड्या काढल्या. जेवण गरम राहावं म्हणून भांड्याभोवती गवताचा पेंढा घातला. जुन्या लोकरी टोप्यासुद्धा ताटांवर पालथ्या घातल्या म्हणे! हे वाचलं तेव्हा मला आमची पहिली खेप आठवली. आम्ही पातेलं जुन्या वाकळेत गुंडाळून हातगाड्यावर नेलं होतं. पुढं त्या कामाला नाव पडलं 'मील्स ऑन व्हील्स', चाकांवरचं जेवण.

लढाई संपली तरी हे काम थांबलं नाही. १९४८ च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक संस्थांना, म्हणजे आपल्या नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या संस्थांना, अशा सेवाभावी मंडळांना पैसे द्यायची परवानगी मिळाली. स्वतः जेवण पोचवायची मुभा मिळाली ती १९६२ मध्ये. मधली चौदा वर्षं कायद्यानं पैसे द्यायची सोय होती, राबायला मात्र बायकाच, आणि त्याही बिनपगारी. पैसा अपुरा, हात अपुरे, म्हणून पुष्कळ ठिकाणी आठवड्यातून दोनच दिवस जेवण जायचं. उरलेले पाच दिवस त्या माणसानं काय खायचं, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत. मला मात्र दुसरा प्रश्न पडला. उरलेले पाच दिवस त्याच्याशी कोण बोलायचं?

हा प्रश्न त्याच काळात एका माणसानं घरोघरी जाऊन विचारला होता. पीटर टाउनसेंड. लंडनच्या पूर्व भागात बेथनल ग्रीन नावाची कामगारांची वस्ती आहे, तिथल्या २०३ म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांनी १९५७ मध्ये पुस्तक छापलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. दिवसभरात किती माणसं भेटतात, हे एक. आणि एकटं वाटतं का, हे दुसरं. या दोन गोष्टी एकच नाहीत. कुणाला फार माणसं भेटत नाहीत आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. आणि कुणी माणसांत असूनही एकाकी असतं, विशेषतः ज्याचं नेहमीचं, जवळचं माणूस नुकतंच गेलंय किंवा दूर गेलंय ते. मराठीत आपल्याला हे समजायला जड जात नाही. एकटं राहणं वेगळं, एकाकी होणं वेगळं. आमच्या यादीत एक निवृत्त गुरुजी आहेत. एकटेच. पेपर वाचतात, झाडं लावतात, डबा आणणारीला "ठेव बाई, जा" म्हणतात आणि ते खरंच मजेत असतात. त्यांच्याकडं दहा मिनिटं बसून राहणं म्हणजे त्यांना त्रास. आणि एक काकू आहेत, त्यांच्या घरी भाडेकरू आहे, वर्दळ आहे, पण मालक जाऊन वर्ष झालं तेव्हापासून डब्यातली भाजी निम्मी परत येते. डबा दोघांना सारखाच जातो. भेट सारखी देऊन चालत नाही.

इंग्लंडकडं बघून ऑस्ट्रेलियात हे काम निघालं. तिथल्या डोरिस टेलर यांच्याबद्दल वाचून मी दोन दिवस त्यांचाच विचार करत होते. जन्म १९०१ चा. लहानपणी दोनदा पडल्या आणि अधू झाल्या, सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. अशा माणसाला संस्थेत ठेवायची पद्धत होती. त्या घरीच राहिल्या. आपलं घर सुटणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हाताऱ्या माणसांना निव्वळ जेवणासाठी घर सोडून आश्रमात जावं लागू नये म्हणून त्यांनी १९५३ मध्ये अॅडलेड शहरात संस्था काढली, आणि पुढच्या वर्षी पोर्ट अॅडलेडला पहिलं स्वयंपाकघर सुरू केलं. ज्या बाईला स्वतःला उठून चूल पेटवता येत नव्हती तिनं हे केलं. मदत घेणारं माणूसच मदत उभी करू शकतं. आमच्या यादीतल्या चौदा जणांना आम्ही पाच वर्षांत एकदाही बैठकीला बोलावलेलं नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं.

अमेरिकेत १९५४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात सुरुवात झाली. तिथं शाळकरी मुलं डबे पोचवायची. पण अमेरिकेनं पुढं जो कायदा केला, तो मला आपल्या जास्त जवळचा वाटतो. १९७२ मध्ये म्हाताऱ्यांच्या जेवणाला केंद्र सरकारचा पैसा मंजूर झाला, तो मुख्यतः एकत्र बसून जेवायला. गावात एक जागा, तिथं आठवड्यातले पाच दिवस गरम जेवण, सगळ्यांनी सोबत. म्हणजे पंगत! घरपोच डब्याला वेगळा निधी मिळाला तो सहा वर्षांनी, १९७८ मध्ये. आधी पंगत, आणि ज्याला पंगतीला येता येत नाही त्याला डबा. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपण उलटं करतो. देवळापर्यंत चालू शकणाऱ्यालाही डबा नेऊन देतो आणि त्याला आणखी घरात बसवतो.

आपल्या देशात तमिळनाडूनं १९८२ मध्ये शाळकरी मुलांची मध्यान्ह भोजन योजना मोठी केली, आणि १९८३ पासून म्हातारपणाची पेन्शन घेणाऱ्यांनाही त्याच केंद्रावर दुपारचं जेवण देऊ केलं. चुली होत्याच, त्यावर चार माणसांचं जास्त शिजवलं. २००० मध्ये केंद्र सरकारची अन्नपूर्णा योजना आली. ज्यांना पेन्शन मिळायला हवी पण मिळत नाही अशा ६५ वर्षांवरच्यांना महिन्याला १० किलो धान्य फुकट. धान्य महत्त्वाचंच. पण कंबर वाकलेल्या माणसानं १० किलो गहू दळून आणायचे, मळायचे, भाजायचे, आणि मग एकट्यानं खायचे. एकट्यासाठी कुणी पोळ्या लाटत नाही, हे तुम्हा-मला माहीत आहे. चहा-बिस्किटावर दिवस जातो.

आता जपानची गोष्ट. ती डब्याची नाही, दह्यासारख्या गोड पेयाच्या छोट्या बाटलीची आहे. याकुल्ट नावाची कंपनी आहे. तिथं १९६३ पासून बायका दारोदार जाऊन ती बाटली विकतात. १९७२ मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात यातल्या एका बाईच्या कानावर आलं की एकटं राहणारं एक म्हातारं माणूस मेलं आणि कुणाला पत्ताच नाही. तिला ते इतकं लागलं की ती स्वतःच्या पैशानं एकट्या म्हाताऱ्यांना बाटली द्यायला लागली, म्हणजे त्या निमित्तानं रोज डोकावता येईल. मग तिथल्या विक्री केंद्रानं आणि समाजसेवकांनी ते उचलून धरलं. आज जपानातल्या बऱ्याच नगरपालिका या बायकांकडून म्हाताऱ्यांची विचारपूस करवून घेतात. बाटलीत पोट भरण्याइतकं काहीच नाही. दोन घोट. ती निमित्त आहे, दार उघडायला लावण्याचं.

आणि याच्या बरोबर उलट प्रवास डब्याचा झाला. फ्रीज आले, गोठवलेलं जेवण आलं. रोज गाडी कशाला फिरवायची, आठवड्यातून एकदा सात डब्यांचं खोकं द्या, माणूस रोज एक गरम करून खाईल. खर्च कमी, पोषण तेवढंच. कागदावर चूक काढायला जागा नाही. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या काली थॉमस यांनी याची परीक्षाच घेतली. २०१५ मध्ये निकाल छापला. आठ ठिकाणी, डब्यासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या सहाशेवर म्हाताऱ्या माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला रोज गरम डबा दारात, दुसऱ्याला आठवड्यातून एकदा गोठवलेले डबे, तिसरा गट यादीतच. पंधरा आठवड्यांनी विचारपूस केली. रोज डबा मिळणाऱ्यांचं मन जास्त सुधारलेलं होतं. एकाकीपणा कमी, पडण्याची भीती कमी. हे मुख्यतः एकट्या राहणाऱ्यांत जास्त दिसलं. आठवड्याचं खोकं घेणाऱ्यांच्या पोटात अन्न गेलंच होतं. त्यांच्याकडं रोज कुणी आलं नव्हतं.

इंग्लंडमध्ये, जिथून हे निघालं तिथं, गेल्या दहा-पंधरा वर्षांत पैशाअभावी अनेक स्थानिक संस्थांनी ही सेवा बंद केली आहे.

हे सगळं मी तुम्हाला आज का सांगते आहे? कारण हाच प्रश्न आमच्या ग्रामसंघापुढं आला आहे. मागच्या बैठकीत आमच्या कोषाध्यक्ष अक्कांनी हिशेब मांडला. महिन्याला दोन-अडीच हजारांची तूट. पेट्रोल वाढलं. डबे नेणाऱ्या दोघी सुगीत रोजगार बुडवतात आणि त्याचा त्यांना एक रुपया मिळत नाही. अक्कांनी सुचवलं की एक दिवसाआड दोन दिवसांचं जेवण द्यावं, फ्रीज आहेतच. ज्यांच्याकडं नाही त्यांना महिन्याचा शिधा. अक्का काही कठोर बाई नाहीत. टाळेबंदीत पहिलं पातेलं त्यांच्याच घरातलं होतं. हिशेब त्यांचा खरा आहे. आणि बिनपगारी राबण्याबद्दल त्या बोलल्या तेही खरं आहे. इंग्लंडातल्या बायकांनी वर्षानुवर्षं फुकट राबून दाखवलं, म्हणून आम्हीही तसंच करावं, असं मी कुणाला म्हणणार नाही. जपानची बाई बाटल्या विकून कमावणारी होती.

म्हणून मी असं मांडलंय. डब्याचे पैसे वेगळे आणि भेटीचे वेगळे. नऊ मुलग्यांकडून दिवसाला दहा रुपये जास्त मागायचे आणि ते डबे नेणाऱ्या दोघींना द्यायचे. कोचीच्या एकाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, जेवणाचे समजलं, भेटीचे कसले पैसे?" मी त्याला आत्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वर्षाचे एकदम पाठवतो." सगळे असे म्हणतील असं नाही. दोघांनी उडवून लावलं. देवळापर्यंत येऊ शकणाऱ्या सहा जणांची आठवड्यातून दोनदा सभामंडपात पंगत धरायची, म्हणजे त्या दिवशी सहा खेपाही वाचतील, हेही मांडलंय.

तुमच्या गावात हे करत असाल किंवा करणार असाल, तर आमच्याकडं त्या पेरणीनंतर जे ठरलं ते सांगते. डबा हातात द्यायचा. दाराला, खिडकीला, गेटला अडकवायचा नाही. दार उघडलं नाही तर शेजारी, तिथून नाही तर सरपंच, पण दार उघडल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही. कालचा डबा तिथंच उघडून बघायचा. भाकरी परत आली तर दाताचं दुखणं असतं, नाहीतर भाकरी कडक झालेली असते. आमटीत कुस्करून ठेवली तर खाल्ली जाते. सगळंच परत आलं तर ताप आहे का, नाहीतर मनात काही आहे का, ते विचारायचं. चार दिवस डबा धुतलेला नसेल आणि एरवी धुतलेला असायचा, तर उठवत नाही हे समजायचं. एक वही आहे, त्यात तीनच रकाने. खाल्लं का, उठून दार उघडलं का, काय बोलल्या. तिसऱ्या रकान्यात कधीकधी "काही नाही" असं लिहिलेलं असतं. सलग तीन दिवस "काही नाही" आलं की मी स्वतः जाते.

आत्या तीन महिने मुलाकडं कोइमतूरला होत्या. तिथली भाषा येईना, खाली उतरता येईना, म्हणून हट्टानं परत आल्या. आता वॉकर घेऊन चालतात. परवा मी डबा घेऊन गेले. घाईत होते, बूट पण काढले नव्हते. म्हणाल्या, "डबा ठिव तिथं. तू बस आधी. भाकरी काय, पळून जात्याय व्हय?" मी बसले. वीस मिनिटं त्यांनी मला त्यांच्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगितली. ती मी आधी चार वेळा ऐकली आहे. बँक त्या दिवशी बंद झाली.

ग्रामसंघाची बैठक येत्या गुरुवारी देवळात आहे. यावेळी चौदा जणांनाही निरोप दिला आहे. गुरुजी नको म्हणाले. आत्या येते म्हणाल्या आहेत. त्यांना वॉकरसह देवळाच्या पाच पायऱ्या कशा चढवायच्या ते अजून ठरलेलं नाही. अक्का म्हणतात, बैठकच खाली पारावर घेऊ.